मेळ कोणत्या वहीवरून घ्यायचा?



आषाढ लागला की घरोघरच्या कपाटांतून छोटे संगीतवादक पुन्हा बाहेर येतात. कोणाकडे पंधरा वर्षांपूर्वीचा आयपॉड असतो, कोणाकडे बाजारातला साधा एमपीथ्री प्लेअर, कोणाकडे मेमरी कार्ड घालायचा तळहाताएवढा स्पीकर. चातुर्मासासाठी त्यांत भक्तामर स्तोत्र, आलोचना पाठ, स्तवने, गेल्या वर्षीच्या प्रवचनांची ध्वनिमुद्रणे भरून घ्यायची असतात. वर्षभर पडून राहिलेले ते यंत्र नेमके याच वेळी संगणकाला ओळख देत नाही. ‘चार्ज होते, पण संगणकात दिसत नाही’. ‘दिसते, पण गाणी जात नाहीत’. ‘गाणी गेली, पण वाजत नाहीत’. ‘नवी भरली आणि जुनी सगळी नाहीशी झाली’. या चार तक्रारी वरकरणी एकाच आजाराच्या वाटतात. त्यांची कारणे निरनिराळी आहेत. पहिल्या तिन्हींवर घरच्या घरी उपाय होतो. चौथीत झालेले नुकसान मात्र बहुधा भरून निघत नाही. म्हणून तिचा विचार आधी करू.

हातात मोबाईल असताना या जुन्या यंत्राचा आग्रह कशाला, असे नातवंडे विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु मोबाईल मध्येच वाजतो, त्यावर दुकानाचा निरोप येतो आणि स्तोत्र अर्धवट राहते. ज्यांची दृष्टी मंदावली आहे त्यांना काचेवरचे चित्र दिसत नाही. उठावदार बटण मात्र अंगठ्याला सापडते. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला कचनेरला पायी जाणाऱ्यांच्या झोळीतही असे यंत्र असते, कारण त्याला नेटवर्क लागत नाही. (ज्या संघांत साधू-साध्वी ध्वनिक्षेपक वापरत नाहीत, तेथे प्रवचन मुद्रित करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि इतरत्रही अनुमती घेतल्यावाचून मुद्रण करू नये, हे येथेच नोंदवून ठेवतो.)

आता ‘सिंक’ या शब्दाकडे वळू, कारण सर्व घोटाळ्याचे मूळ त्यात आहे. सामान्य समज असा की सिंक करणे म्हणजे संगणकातील गाणी वादकात भरणे. जणू एका डब्यातील धान्य दुसऱ्यात ओतणे, दुसऱ्यात आधीचे असेल ते तसेच राहणार. परंतु सिंक ही भरण्याची क्रिया नाही, ती मेळ घालण्याची क्रिया आहे. आपल्या घरांत हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. रोजमेळ आणि खतावणी यांत फरक आला तर दोन्हींची बेरीज करून कोणी मोकळे होत नाही. एक वही प्रमाण मानावी लागते आणि दुसरी तिच्याबरहुकूम दुरुस्त करावी लागते. बँकेतही तसेच. पासबुक हे खातेवहीवरून उतरवलेले असते. दोहोंत तफावत आढळली तर पासबुक खोडले जाते, खातेवही नव्हे.

आयपॉडसाठी वापरला जाणारा आयट्यून्स हा कार्यक्रम याच नियमाने चालतो. संगणकातील गाण्यांची यादी ही त्याची खातेवही, आणि आयपॉड हे पासबुक. आयपॉडमध्ये जे आहे पण यादीत नाही, ते त्याच्या लेखी चुकीने राहिलेले; ते तो काढून टाकतो. यात कोणताही बिघाड नाही. यंत्राने आपले काम चोख बजावलेले असते. घोटाळा तेव्हा होतो जेव्हा जुना संगणक मोडीत गेलेला असतो, नवा कोरा असतो, आणि खरा ऐवज फक्त आयपॉडमध्येच उरलेला असतो. अशा वेळी खातेवही कोरी आणि पासबुक भरलेले. मेळ घातला की दोन्ही कोरी.

सुदैवाने आयट्यून्स आधी विचारतो. हा आयपॉड दुसऱ्या संग्रहाशी जोडलेला आहे, तो पुसून या संग्रहाशी जोडायचा काय, अशा अर्थाची इंग्रजी चौकट पडद्यावर येते. तिच्यात तीन बटणे असतात: ‘कॅन्सल’, ‘ट्रान्सफर पर्चेसेस’ आणि ‘इरेज अँड सिंक’. तिसऱ्याचा अर्थ शब्दशः पुसा आणि मेळ घाला असा आहे. दुसरे बटण दिलासा देणारे वाटते, परंतु ते ॲपलच्या दुकानातून विकत घेतलेली गाणीच संगणकावर आणते. घरी मुद्रित केलेली किंवा सीडीवरून उतरवलेली नव्हे. आपल्या घरांतील बहुतेक ऐवज या दुसऱ्या प्रकारचा असल्याने ते बटण आपल्या उपयोगाचे नाही. ‘कॅन्सल’ दाबावे, केबल काढावी आणि पुढचे वाचावे.

जुन्या पिढीला कॅसेटची एक युक्ती आठवत असेल. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन छोटे चौकोन असत. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही मुद्रित होत नसे. आचार्यश्रींच्या प्रवचनाची कॅसेट घरी आली की घरातील कर्ता माणूस सर्वप्रथम ते चौकोन मोडून टाकी, म्हणजे मुलांनी तिच्यावर चित्रपटगीते भरू नयेत. आयपॉडला असा चौकोन नाही. त्याच्या जवळ जाणारी एक सोय मात्र आहे. आयपॉड जोडताना विंडोज संगणकावर कंट्रोल आणि शिफ्ट ही दोन बटणे, मॅकवर कमांड आणि ऑप्शन, दाबून धरावीत आणि यादीत आयपॉडचे नाव दिसेपर्यंत सोडू नयेत. त्यामुळे आपोआप होणारा मेळ त्या वेळेपुरता थांबतो. नंतर सेटिंगमध्ये ‘मॅन्युअली मॅनेज म्युझिक’ या वाक्यापुढे खूण केली की मेळाची पद्धत बंद होते आणि निवडक गाणी हाताने टाकण्याची पद्धत सुरू होते. मात्र ज्या यंत्रातील ऐवज अद्याप वाचवायचा आहे, त्यावर ही खूणसुद्धा घाईने करू नये. कधी कधी ती करतानाच आधीचे पुसण्याची परवानगी मागितली जाते.

येथे मोंढ्यातील एका परिचित कुटुंबाची हकिकत सांगणे आवश्यक आहे. त्या घरातील आजींना दीडशेच्या वर स्तवने मुखोद्गत होती. छापील पुस्तकात न सापडणारी, माहेरच्या गावी ऐकलेली अशीही त्यांत होती. २०११ च्या उन्हाळ्यात नातवाने त्यांतील तेवीस घरच्या संगणकावर मायक्रोफोन लावून मुद्रित केली आणि आपल्या आयपॉड नॅनोमध्ये भरली. पुढे आजी गेल्या. संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली आणि तो भंगारात गेला. नातू नोकरीनिमित्त पुण्याला गेला. आयपॉड घरातील काकूंकडे राहिला. त्या रोज दुपारी तो ऐकत. काकूंना त्यात आणखी काही पाठ हवे होते, म्हणून धाकट्या मुलाने तो नव्या लॅपटॉपला जोडला. वर सांगितलेली चौकट समोर आली. मुलाला शंका आल्याने त्याने काही न दाबता तो एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. दुरुस्तीवाल्याने क्षणाचाही विचार न करता सांगितले, ‘फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा होईल.’ काकूंनी तो तसाच परत आणला. त्यांना फॉरमॅट या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. ‘नव्यासारखा’ या शब्दाचा होता.

असा ऐवज बाहेर काढण्याचा मार्ग आहे, आणि तो आयट्यून्समधून जात नाही. आयपॉड क्लासिक, नॅनो आणि शफल ही यंत्रे मुळात पेन ड्राईव्हसारखीच आहेत. ज्या संगणकावर आयट्यून्स बसवलेलेच नाही असा संगणक शोधावा. येथे अज्ञान हाच सद्गुण ठरतो, कारण मेळ घालणारा कारकूनच तेथे हजर नसतो. आयपॉड जोडला की तो एका ड्राईव्हच्या रूपात दिसतो. आत वरवर पाहता गाणी दिसत नाहीत, कारण ती लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात. फाईल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ या विभागात ‘हिडन आयटम्स’ पुढे खूण केली की ‘आयपॉड कंट्रोल’ नावाचे फोल्डर प्रकट होते. त्यात ‘म्युझिक’, आणि त्याच्या आत एफ००, एफ०१, एफ०२ अशी ओळीने फोल्डरे. सर्व गाणी या फोल्डरांत विखुरलेली असतात. अख्खे ‘म्युझिक’ फोल्डर उचलून संगणकावर नक्कल करावे. ‘कॉपी’ करावे, ‘कट’ नव्हे. नक्कल झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरांवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ पाहावे. फाईलींची संख्या आणि एकूण बाइट्स हे दोन्ही आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. आमच्या बँकेच्या दिवसांत रोकड मोजताना नोटांची संख्या आणि एकूण रक्कम दोन्ही पडताळीत, त्यातलाच हा प्रकार.

या मार्गावर एक खड्डा आहे. आयपॉड पूर्वी मॅक संगणकावर तयार केलेला असेल तर त्याची अंतर्गत मांडणी विंडोजला वाचता येत नाही. विंडोज मग सांगते की ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का? उत्तर नकारार्थीच द्यावे आणि एखादा मॅक संगणक मिळवावा. आयपॉड टचला हा मार्ग लागू नाही. तो मोबाईलच्या जातीचा असून ड्राईव्ह म्हणून दिसत नाही.

मोंढ्यातील घरी फाईली निघाल्या तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. आयपॉड प्रत्येक फाईलीला चार अक्षरांचे निरर्थक नाव देतो. एमपीथ्री फाईलीच्या पोटात गाण्याचे नाव वेगळे लिहिलेले असते, त्यामुळे ती एखाद्या वादक कार्यक्रमात उघडली की खरे नाव परत मिळते. नातवाने मात्र वेव्ह या प्रकारात मुद्रण केले होते. अशा फाईलींची नावे आयट्यून्स त्यांच्या पोटात लिहीत नाही, केवळ यादीत ठेवतो. आणि यादीतही मुलाने एक, दोन, तीन असे आकडेच टाकले होते. तेव्हा आठशे गाण्यांतून तेवीस स्तवने कानांनीच शोधावी लागली. वेव्ह फाईली आकाराने मोठ्या असतात, म्हणून आकारानुसार क्रम लावल्यावर त्या बहुतांशी एकत्र आल्या एवढी सोय झाली. काकू शेजारी बसून एकेक ओळखत गेल्या आणि मुलाने नावे लिहिली. एका फाईलीत स्तवन संपल्यावर मुद्रण तसेच चालू राहिले होते. आजी म्हणत होत्या, ‘बंद कर रे आता ते, दिवस बुडायच्या आत पाने घ्यायची आहेत.’ त्या तुकड्याला कात्री लावू नका, असे मी सुचवण्याआधीच काकूंनी सांगितले होते.

आता पहिल्या तीन तक्रारी.

चार्ज होते पण दिसत नाही, या तक्रारीत दहापैकी बहुतेक वेळा दोष केबलचा असतो. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. दिवे, पंखे, स्वस्त स्पीकर यांच्याबरोबर मिळणाऱ्या केबलींत अनेकदा माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही केबली सारख्याच दिसतात. जिच्याने मोबाईलमधील छायाचित्रे संगणकावर येतात ती केबल पूर्ण, हे साधे परीक्षण. टेबलावरच्या संगणकाला जोडताना पुढच्या बाजूचे छिद्र सोडून मागचे वापरावे, मध्ये हब नसावा. जुन्या आयपॉडच्या रुंद तीस पिनांच्या तोंडात धूळ बसते. कोरडा मऊ ब्रश पुरतो, टाचणी घालू नये. आयपॉड शफलची नंतरची रूपे कानातले लावण्याच्या छिद्रातूनच चार्ज होतात आणि त्यातूनच गाणी घेतात. त्याची आखूड केबल हरवली असेल तर दुसऱ्या कोणत्याही केबलने काम भागत नाही. आणि वर्षभर पडून राहिलेल्या यंत्राची बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर जोडल्यावर काही काळ पडदा काळाच राहतो. अर्धा तास तसेच राहू द्यावे, मग निदान करावे.

केबल ठीक असूनही दिसत नसेल तर वादकाची सेटिंग पाहावी. अनेक वादकांत संगणकाशी बोलण्याच्या दोन भाषा असतात. एकीला एमएससी म्हणतात. त्यात वादक पेन ड्राईव्हसारखा दिसतो. दुसरी एमटीपी, त्यात तो आपल्या नावाने, कॅमेऱ्यासारखा दिसतो आणि त्यासाठी विंडोजचे माध्यमविषयक भाग हजर असावे लागतात. युरोपातून नातेवाइकांनी आणलेल्या काही लॅपटॉपांवर विंडोजची ‘एन’ नावाची आवृत्ती असते. तिच्यात हे भाग वगळलेले असतात, ते मायक्रोसॉफ्टकडून विनामूल्य घेऊन बसवावे लागतात. मॅक संगणकाला एमटीपी स्वतःहून समजत नाही. तेव्हा वादकात ‘यूएसबी मोड’ असा पर्याय असेल तर तो एमएससीवर आणणे हा सरळ उपाय. सॅनडिस्कच्या सान्सा क्लिपसारख्या वादकांत मात्र एका भाषेत भरलेली गाणी दुसऱ्या भाषेत जोडल्यावर संगणकाला दिसत नाहीत. ती पुसली गेलेली नसतात. भाषा पूर्ववत केली की परत दिसतात. ‘सगळे गेले’ असे वाटून कोणी घाईने फॉरमॅट करू नये म्हणून हे सांगितले.

विंडोजवर आयट्यून्स अद्ययावत असूनही आयपॉड यादीत येत नाही, अशी तक्रार अलीकडे वाढली आहे. त्याचे एक कारण असे की २०२४ पासून ॲपलने विंडोजवर हे काम ‘ॲपल डिव्हाइसेस’ नावाच्या स्वतंत्र कार्यक्रमाकडे दिले आहे. तो आणि ‘ॲपल म्युझिक’ बसवले असतील तर आयट्यून्सकडे केवळ पॉडकास्ट आणि ध्वनिपुस्तके उरतात. मॅकवर २०१९ पासून हे काम फाइंडरमध्ये होते. आयपॉडची कहाणी २३ ऑक्टोबर २००१ रोजी सुरू झाली आणि १० मे २०२२ रोजी ॲपलने शेवटचे रूपही बंद केल्याचे जाहीर केले. यंत्रे अजून चालतात, परंतु त्यांच्यासाठी मांडलेली दुकानातील जागा हळूहळू आवरली जात आहे. ज्यांचा ऐवज अजून आयपॉडमध्येच आहे त्यांनी यंदाच तो बाहेर काढावा.

दिसते पण गाणी जात नाहीत, यात मेमरी कार्डाचा प्रश्न अधिक. स्वस्त वादकांना बहुधा फॅट ३२ हीच मांडणी वाचता येते. ६४ जीबी आणि त्यावरील कार्डे एक्सफॅट मांडणीत येतात, त्यामुळे जुना वादक त्यांना रिकामी किंवा सदोष मानतो. जुन्या वादकाला ३२ जीबीपर्यंतचे कार्ड घ्यावे. त्याहून मोठ्याची गरजही नसते, हिशेब करून पाहा. बोललेला आवाज ६४ केबीपीएस या दर्जात स्वच्छ ऐकू येतो; त्या दराने एक तासाच्या प्रवचनाला सुमारे २९ एमबी लागतात. चार जीबीत सव्वाशे तासांहून अधिक प्रवचने मावतात, म्हणजे चातुर्मासभर रोज एक तास ऐकले तरी पुरावीत. मोठ्या कार्डाच्या चौकटीला डाव्या बाजूस एक सरकती कळ असते. ती खाली सरकली की कार्डावर लिहिता येत नाही. कॅसेटच्या त्या चौकोनाचा हा वंशज. रस्त्यावर निम्म्या भावात मिळणारे कार्ड पुष्कळदा नावाला ६४ जीबीचे आणि आत आठ जीबीचे निघते; भरताना तक्रार करीत नाही, वाचताना रिकामे हात दाखवते. घेतल्याबरोबर एकदा काठोकाठ भरून सर्व फाईली उघडून पाहाव्यात.

गाणी गेली पण वाजत नाहीत, याचे आजचे सर्वांत मोठे कारण व्हॉट्सॲप आहे. महाराजसाहेबांच्या प्रवचनाचा तुकडा संघाच्या गटात येतो, आपण तो वादकात टाकतो आणि वादक मुका. व्हॉट्सॲपचा ध्वनिसंदेश ओपस नावाच्या प्रकारात असतो. जुन्या वादकांना तो ठाऊक नाही. काही जण फाईलीच्या नावाची शेपटी बदलून ‘एमपीथ्री’ लिहितात. गहू भरलेल्या पोत्यावर ज्वारीची चिठ्ठी लावल्याने आतला माल बदलत नाही. व्हीएलसी या विनामूल्य कार्यक्रमात ‘मीडिया’ खाली ‘कन्व्हर्ट’ निवडून एमपीथ्री करून घ्यावे, दोन मिनिटांचे काम आहे. वर्गणी भरून ऐकायच्या ॲपमध्ये ‘डाउनलोड’ केलेली स्तवने मात्र कोणत्याही उपायाने वादकात जाणार नाहीत. ती त्या ॲपच्या कुलपात असतात. वर्गणी थांबली की ती आपली राहत नाहीत. आधीच गाणी भरून येणाऱ्या सारेगामा कारवाँसारख्या संचांतील गाणीही बदलता येत नाहीत, परंतु त्यांना पेन ड्राईव्ह लावण्याची वेगळी सोय असते. आपले पाठ त्यात भरून लावावेत.

क्रमाचा प्रश्न छोटा, पण मनस्ताप मोठा. भक्तामराचे श्लोक दिगंबर परंपरेत ४८, श्वेतांबर परंपरेत ४४. एकेक श्लोकाची स्वतंत्र फाईल असली की वादक पहिल्यानंतर दहावा, अकरावा, बारावा असे वाजवत जातो आणि दुसरा विसाव्याच्या आधी येतो. ०१, ०२, ०३ अशी दोन अंकी नावे द्यावीत. एवढ्यानेही क्रम लागला नाही तर समजावे की हा वादक नावे पाहत नाही. ज्या क्रमाने फाईली कार्डावर उतरल्या त्या क्रमाने वाजवतो. अशा वेळी आतला ऐवज संगणकावर घेऊन कार्ड रिकामे करावे आणि फाईली एकापाठोपाठ एक याच क्रमाने टाकाव्यात. देवनागरी नावांच्या जागी चौकोन दिसत असतील तर नावे रोमन लिपीत लिहावीत. त्या वादकात आपली अक्षरेच भरलेली नाहीत.

काम संपल्यावर केबल ओढून काढू नये. ‘सेफली रिमूव्ह’ दाबून संगणकाची संमती मिळेपर्यंत थांबावे. फाईली उतरल्या तरी त्यांची नोंद शेवटी होते, आणि नोंद अर्धवट राहिली की पुढच्या वेळी विंडोज ‘दुरुस्त करू का’ असे विचारते. दुरुस्तीला होकार देण्यापूर्वी जे वाचता येते ते आधी संगणकावर उतरवून घ्यावे. यंत्राची पाठ फुगलेली दिसली, पडदा उचलला गेलेला दिसला, तर मात्र ते चार्ज करू नये आणि दाबून बसवण्याचाही प्रयत्न करू नये. आतली बॅटरी फुगलेली असते. जाणकाराकडून ती बदलून घ्यावी, आणि देताना आतला ऐवज पुसायचा नाही हे कागदावर लिहून द्यावे.

मोंढ्यातील त्या घरी तेवीस स्तवनांच्या आता तीन प्रती आहेत. एक लॅपटॉपवर, एक नातवाकडे पुण्याला, आणि एक जालन्याला दिलेल्या लेकीच्या घरी पेन ड्राईव्हवर. पेन ड्राईव्ह वर्षानुवर्षे नुसता पडून राहिला तर त्यातील माहिती क्षीण होत जाते, हे सांगितल्यावर लेकीने तो वह्यांच्या कपाटात ठेवला आहे. दिवाळीला वहीपूजनासाठी ते कपाट उघडते, तेव्हा तो लावून तेवीस फाईली मोजायच्या असे ठरले आहे.